हवा आत यावी, डास येऊ नये : ग्रामीण घरांच्या दुरुस्तीचे मार्गदर्शन

हिवताप, डेंग्यू, हत्तीरोग, काळा आजार, शागास आणि प्लेग हे रोग एकमेकांपासून कितीही वेगळे असले, तरी माणसापर्यंत पोहोचण्यासाठी त्या सर्वांना रक्त पिणाऱ्या एखाद्या कीटकाचा आधार लागतो, आणि हा कीटक माणसाला बहुधा घरात किंवा घराच्या आसपासच गाठतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार एकूण संसर्गजन्य रोगांपैकी १७ टक्क्यांहून अधिक रोग अशा वाहकांमार्फत पसरतात आणि त्यांमुळे दरवर्षी ७ लाखांहून अधिक माणसे दगावतात. फवारणी, औषधभारित मच्छरदाणी आणि वेळेवर उपचार यांना पर्याय नाही. मात्र फवारणीचा परिणाम काही महिन्यांत ओसरतो आणि मच्छरदाणी कालांतराने फाटते, तर नीट बुजवलेली फट वर्षानुवर्षे आपले काम करत राहते. म्हणून घराची डागडुजी हा रोगप्रतिबंधाचाच भाग मानला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

ही कल्पना नवी नाही. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे डासाच्या जठरात हिवतापाचे परजीवी पाहिले आणि त्यानंतर तीनच वर्षांत, १९०० साली, ब्रिटिश डॉक्टर पॅट्रिक मॅन्सन यांनी रोमजवळच्या दलदलीच्या प्रदेशात जाळ्या बसवलेली एक लाकडी झोपडी उभी करवली. त्यांचे सहकारी ऐन हिवतापाच्या हंगामात त्या झोपडीत राहिले. ते सूर्यास्तापूर्वी आत जात आणि सकाळ होईपर्यंत बाहेर पडत नसत. क्विनीन हे हिवतापावरचे औषध न घेताही त्यांना हिवताप झाला नाही. त्या झोपडीत जाळीइतकेच महत्त्व वेळेच्या शिस्तीला होते, आणि ही गोष्ट पुढील सर्व सूचना वाचताना लक्षात ठेवावी.

आधी वाहक ओळखावा

सगळ्या कीटकांना एकच दुरुस्ती लागू पडत नाही. त्यामुळे आपल्या भागात कोणता रोग आहे आणि तो कोण पसरवतो, हे आरोग्य कर्मचाऱ्यांकडून समजून घेतल्याशिवाय कामाला हात घालू नये. हिवतापाचा ॲनोफिलीस डास प्रामुख्याने संध्याकाळनंतर आणि रात्री चावतो, म्हणून झोपण्याची खोली डासबंद केली की त्याचा मोठा उपद्रव टळतो. डेंग्यूचा एडिस डास दिवसा चावतो आणि साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. घराला उत्तम जाळ्या असल्या आणि आतल्या पिंपात अळ्या असल्या, तर हा डास घरातच जन्मतो आणि जाळ्यांचा काही उपयोग होत नाही. हत्तीरोगाचा प्रसार करणारा क्युलेक्स घाण पाण्यात, तुंबलेल्या गटारांत आणि पाणी भरलेल्या शौचखड्ड्यांत वाढतो.

काळा आजार पसरवणारी वालुमाशी, म्हणजे सँडफ्लाय, डासाहून बरीच लहान असते. तिच्या अळ्या पाण्यात नसतात, तर सेंद्रिय कचरा मिसळलेल्या ओलसर मातीत असतात. प्रौढ माशी दिवसभर भिंतीच्या भेगांत आणि काळोख्या कोपऱ्यांत विसावते, म्हणून तिच्या बाबतीत खिडकीपेक्षा भिंत महत्त्वाची ठरते. लॅटिन अमेरिकेतील शागास रोगाचे वाहक असलेले ट्रायटोमा जातीचे ढेकूणही असेच भेगांत आणि गवती अथवा झावळ्यांच्या छपरात राहतात. ते रात्री बाहेर पडून झोपलेल्या माणसाचे रक्त पितात, आणि परजीवी त्यांच्या चाव्यातून नव्हे तर चावल्यानंतर टाकलेल्या विष्ठेतून जखमेत किंवा डोळ्यांत शिरतो. कार्लोस शागास यांनी १९०९ मध्ये ब्राझीलमधील लासान्स येथे हा रोग प्रथम नोंदवला, तेव्हा अशा घरांतील कच्च्या भिंतीच या ढेकणांची वस्ती होत्या. पिसवा आणि मऊ कवचाच्या गोचिडी यांचा संबंध जमिनीशी आणि उंदरांशी असतो. गोचीड शास्त्रीय अर्थाने कीटक नाही, परंतु घर दुरुस्त करणाऱ्याला तिचाही बंदोबस्त करावाच लागतो.

फटी शोधण्याची पद्धत

भर दुपारी, ऊन कडक असताना, झोपण्याच्या खोलीत जावे, सर्व दारे-खिडक्या लावून घ्याव्यात आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत काही मिनिटे स्वस्थ उभे राहावे. मग दाराखालून येणारी आडवी पट्टी, बिजागरीजवळची उभी रेघ, पत्र्याच्या खिळ्याभोवतीचा ठिपका, वासा भिंतीवर टेकतो तेथली चांदणी असे उजेडाचे लहानमोठे कवडसे स्पष्ट दिसू लागतात. प्रत्येक जागी खडूने खूण करावी. वरच्या जागांसाठी शिडीवर दुसरा माणूस असला तर काम सोपे होते. ज्या फटीतून उजेड येतो तिच्यातून डास येऊ शकतो, हा ढोबळ नियम येथे पुरेसा आहे. मात्र वाकड्या किंवा एकावर एक आलेल्या फटींतून उजेड दिसत नाही, म्हणून रात्री आत दिवा लावून बाहेरूनही एक फेरी मारावी. वालुमाशी आणि ढेकूण यांच्यासाठी शोध वेगळा असतो. त्यांना आरपार फट लागत नाही, भिंतीतली बोटभर खोल चीरही पुरते. अशा चिरा विजेरीचा झोत भिंतीला जवळजवळ समांतर धरून पाहिल्यास सावलीमुळे उठून दिसतात.

वळचण आणि छप्पर

खर्च करण्याची ऐपत एकाच ठिकाणापुरती असेल आणि शत्रू हिवतापाचा डास असेल, तर ते ठिकाण वळचण, म्हणजे भिंतीचा माथा आणि छप्पर यांच्यामधली जागा, असावे. झोपलेल्या माणसांच्या श्वासातील कार्बन डायऑक्साइड आणि अंगाचा गंध उबदार हवेबरोबर वर चढतो आणि भिंत व छप्पर यांच्यामधल्या मोकळ्या पट्टीतून बाहेर पडतो. त्या गंधाचा माग काढत डास येतो, भिंत आडवी आली की तो वरच्या दिशेला वळतो आणि वळचणीतून नेमका आत शिरतो. आफ्रिकेतील ॲनोफिलीस गॅम्बी या प्रमुख वाहकाच्या बाबतीत ही सवय वारंवार दिसून आली आहे. क्युलेक्स मात्र दारातूनही सहज येतो, म्हणून वळचण बंद केली की सर्वच डास थांबतील अशी अपेक्षा ठेवू नये.

वळचण बुजवण्यासाठी ज्या साहित्याची भिंत असेल तेच साहित्य शक्यतो वापरावे. मातीच्या घरात दगड-विटांचे तुकडे आणि तूस किंवा चिरलेले गवत घातलेली माती चांगली बसते. एकाच थरात सगळी पट्टी भरून मोकळे होऊ नये, कारण माती वाळताना आकसते आणि प्रत्येक वाशाच्या दोन्ही बाजूंना नवी फट तयार होते. पहिला थर पूर्ण वाळू द्यावा, पडलेल्या चिरा ओल्या कराव्यात आणि मगच बारीक मातीचा दुसरा हात द्यावा. लाटदार पत्र्याच्या घरात पत्रा भिंतीवर टेकतो तेथे प्रत्येक लाटेखाली अर्धवर्तुळाकार भोक राहते. भिंतीचा माथा सरळ असल्यामुळे ही भोके खालून पाहणाऱ्याच्या नजरेतून निसटतात. ती गिलाव्याने किंवा लाटेच्या आकाराच्या फोमच्या पट्टीने एकेक करून भरावी लागतात.

वळचण बंद केली की हवा आणि धूर यांचे नेहमीचे वाटमार्गही बंद होतात, आणि येथेच बहुतेक चांगल्या हेतूने केलेली कामे फसतात. दिवसभर तापलेल्या पत्र्याखालची खोली रात्री असह्य झाली की माणसे दार उघडे टाकतात किंवा अंगणात झोपतात, आणि मग बुजवलेल्या वळचणीचा काही लाभ उरत नाही. म्हणून वळचण बुजवण्याआधीच समोरासमोरच्या दोन तिकोनी भिंतींत, शक्य तितक्या उंचावर, जाळी लावलेले झरोके काढावेत. त्यांतून गरम हवा आणि श्वासाचा गंध दोन्ही निघून जातात. पश्चिम आफ्रिकेतील गॅम्बिया या देशात प्रायोगिक घरांवर झालेल्या कामातून असे दिसले आहे, की हवा खेळती राहिली तर खोलीतील तापमानही कमी होते आणि डासांना वाट दाखवणारा कार्बन डायऑक्साइडही साठून राहत नाही. वारा खेळवणे ही केवळ सोय नसून संरक्षणाचाच भाग आहे, असे मी म्हणतो ते यामुळेच.

स्वयंपाक त्याच खोलीत होत असेल, तर धुराचा प्रश्न सोडवल्याशिवाय वळचणीला हात लावू नये. चूल वेगळ्या पडवीत किंवा स्वतंत्र स्वयंपाकघरात हलवावी, ते शक्य नसेल तर छपराबाहेर निघणारे धुराडे बसवावे. बंद केलेल्या खोलीत रात्री निखारे, शेगडी किंवा कोळसा ठेवणे जीवघेणे ठरते, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होऊ देत नाही.

गवती छपरात वळचण बुजवणे अवघड जाते, शिवाय छपराची जाडीच कीटकांना आसरा देते. अशा घरात भिंतीच्या माथ्यापासून माथ्यापर्यंत जाळीचे आच्छादन आडवे ताणावे, म्हणजे छप्पर वेगळे राहते आणि झोपण्याची जागा वेगळी होते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गॅम्बियातील एका चाचणीत दारे, खिडक्या व वळचण अशा सर्व बाजूंनी डासबंद केलेल्या घरांत डासांची संख्या ५९ टक्क्यांनी आणि केवळ जाळीचे छत लावलेल्या घरांत ४७ टक्क्यांनी कमी आढळली. रक्तक्षयग्रस्त मुलांचे प्रमाण साध्या घरांत ३० टक्के होते, तर या दोन प्रकारच्या घरांत ते अनुक्रमे १९ व २० टक्के होते. म्हणजे पूर्ण दुरुस्ती परवडत नसेल त्याने छताच्या जाळीवर समाधान मानायला हरकत नाही. जाळी मात्र ताठ ओढून भिंतीला लाकडी पट्टीने ठोकावी. ती सैल राहिली की झोळ पडतो, झोळात कचरा साठतो आणि कडेला पुन्हा फटी पडतात.

नवे घर बांधायचे असेल तर उंचीचा विचार अवश्य करावा. गॅम्बियातच केलेल्या एका प्रयोगात जमिनीपासून ३ मीटर उंचीवर नेलेल्या झोपडीत जमिनीवरच्या झोपडीपेक्षा ८४ टक्के कमी हिवतापवाहक डास शिरले. माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर झोपण्याची सोय असेल, तर तिचा वापर करण्यास हे पुरेसे कारण आहे.

दारे, खिडक्या आणि जाळी

डासांसाठी १.२ ते १.५ मिलिमीटर छिद्राची जाळी पुरते. वालुमाशी अशा छिद्रातून सहज निघून जाते. तिच्यासाठी याच्या निम्म्याच्या आसपासची बारीक जाळी लागते, पण तिच्यामुळे वारा बराच अडतो. म्हणून काळ्या आजाराच्या भागात सगळ्या खिडक्यांना अतिबारीक जाळी लावण्यापेक्षा आधी भिंती गुळगुळीत कराव्यात आणि औषधभारित मच्छरदाणीत झोपावे, हे मला अधिक व्यवहार्य वाटते. साधी जाळीही काही प्रमाणात वारा अडवतेच, त्यामुळे जाळी लावताना खिडकी मोठी करता आली किंवा समोरच्या भिंतीत दुसरी काढता आली तर अवश्य तसे करावे.

जाळीचे साहित्य हवामान पाहून निवडावे. साधी लोखंडी जाळी समुद्राजवळच्या खाऱ्या हवेत लवकर गंजते, तर प्लॅस्टिकची किंवा फायबरग्लासची जाळी गंजत नाही, परंतु उंदीर ती कुरतडतात आणि लहान मुलांच्या हाताच्या दाबाने ती सुटते. जेथे हात किंवा पाय लागण्याची शक्यता आहे, विशेषतः दाराच्या खालच्या अर्ध्या भागात, तेथे जाळीऐवजी फळी किंवा पत्रा लावावा. जाळी चौकटीपेक्षा चारही बाजूंनी दोन-तीन सेंटिमीटर मोठी कापावी आणि कडा दुमडून घ्यावी. प्रत्येक बाजूच्या मधल्या बिंदूपासून कोपऱ्यांकडे चुका मारत जावे, कारण कोपऱ्यापासून सुरुवात केली की मधोमध सुरकुती पडते. वरून पातळ लाकडी पट्टी ठोकल्याशिवाय काम पूर्ण झाले असे समजू नये, नुसत्या चुकांमध्ये जाळी सहा महिन्यांत फाटू लागते.

दार हा घराचा सर्वांत दुबळा भाग असतो, कारण तो हलतो. मातीच्या भिंती खचतात तशी चौकट तिरकी होते आणि एका कोपऱ्यात दार घासू लागते, तर समोरच्या कोपऱ्यात फट पडते. नवे दार बसवण्याआधी ओळंबा लावून चौकट तपासावी आणि ती भिंतीत घट्ट बसवावी. दार आणि उंबरठा यांच्यातली फट दोन मिलिमीटरपेक्षा जास्त असू नये. ती असेल तर दाराच्या तळाला जुन्या टायरच्या ट्यूबची पट्टी अशी ठोकावी, की दार लावल्यावर तिची कड उंबरठ्यावर किंचित वाकेल. उंबरठा नसेल तर तो करून घ्यावा, जमिनीवर घासणारी पट्टी महिन्याभरात झिजते. जाळीचे दार बाहेरच्या बाजूला उघडणारे असावे, म्हणजे त्याच्यावर बसलेले डास दार ढकलताना आत हाकलले जात नाहीत.

दार आपोआप बंद होणे फार महत्त्वाचे आहे. स्प्रिंगची बिजागरी मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर वाळू भरलेली बाटली दोरीला बांधून, ती दोरी चौकटीच्या वर लावलेल्या कप्पीवरून दाराच्या कडेला जोडावी, बाटलीच्या वजनाने दार ओढले जाऊन मिटते. दिवसभर ये-जा असलेल्या घरात माणसाच्या आठवणीवर विसंबणारी कोणतीही व्यवस्था टिकत नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गॅम्बियातील आणखी एका मोठ्या चाचणीत पत्र्याचे छप्पर आणि जाळीची दारे-खिडक्या असलेल्या सुधारित घरांतील मुलांना, केवळ औषधभारित मच्छरदाणी वापरणाऱ्या मुलांपेक्षा हिवतापापासून अधिक संरक्षण मिळाल्याचे आढळले नाही. याउलट आयव्हरी कोस्टमधील बुआके परिसरात जाळ्यांच्या जोडीला वळचणीच्या जागी कीटकनाशक लावलेल्या जाळीच्या नळ्या बसवल्या, तेव्हा मुलांमधील हिवताप ३८ टक्क्यांनी कमी झाला. या दोन्ही निष्कर्षांकडे पाहून घरदुरुस्तीवरचा विश्वास सोडण्याचे कारण नाही, पण दुरुस्त घरातही मच्छरदाणी सोडू नये, आणि मुले काळोख पडल्यावर किती वेळ बाहेर असतात हेही पाहावे, एवढे त्यांतून निश्चित शिकता येते.

भिंतींचे लिंपण

भेगा बुजवताना सगळ्यात सामान्य चूक म्हणजे वरवर माती फासणे. ती काही आठवड्यांत पोपड्यासारखी सुटते आणि तिच्यामागे कीटकांना पूर्वीपेक्षा सुरक्षित पोकळी तयार होते. भेग आधी थापीच्या टोकाने रुंद करावी, आतली सैल माती आणि धूळ झाडून टाकावी, पाणी शिंपडून ती चांगली ओली करावी आणि मग खोलवर दाबत भरावी. लिंपणाचे मिश्रण आधी भिंतीच्या एका कोपऱ्यात हातभर जागेवर लावून वाळू द्यावे. वाळल्यावर चिरा पडल्या तर वाळू किंवा तूस वाढवावे, आणि बोट फिरवल्यावर पूड निघाली तर चिकणमाती वाढवावी. असा नमुना पाहिल्याशिवाय पूर्ण भिंत लिंपणे म्हणजे कष्ट वाया घालवण्याचा धोका पत्करणे होय.

मातीच्या भिंतीवर थेट सिमेंटचा गिलावा करण्याचा मोह टाळावा. मातीची भिंत ओलावा शोषते व सोडते, सिमेंट तो अडवून धरते, आणि थोड्याच काळात गिलावा भिंतीपासून सुटून पोकळ वाजू लागतो. चुना मिसळलेले लिंपण भिंतीबरोबर चांगले टिकते. ग्वाटेमालात शागासच्या ढेकणांविरुद्ध ज्वालामुखीची राख, वाळू आणि चुना अशा तेथेच मिळणाऱ्या साहित्याने भिंती लिंपण्याचा प्रयोग यशस्वी झाला. कोंबड्या घराबाहेर ठेवणे हाही त्याच प्रयोगाचा भाग होता, कारण कोंबड्यांच्या रक्तावर ढेकणांची पैदास झपाट्याने होते.

फवारणी होणार असेल तर लिंपण तिच्या आधी पूर्ण करून वाळवावे. फवारलेल्या भिंतीवर पुन्हा सारवले किंवा चुना लावला की कीटकनाशक त्याखाली गाडले जाते, शिवाय ताज्या चुन्याच्या अल्कधर्मी पृष्ठभागावर अनेक कीटकनाशके लवकर निष्प्रभ होतात. भिंतीला टेकून ठेवलेली पोती, लाकडे आणि खुंटीवर साठलेले कपड्यांचे थर हेही भेगांचेच काम करतात. सामान भिंतीपासून वीतभर दूर आणि जमिनीपासून उंच ठेवावे, म्हणजे झाडता येते आणि पाहताही येते.

जमीन आणि उंदीर

पिसवांच्या अळ्या धुळीत आणि जमिनीच्या भेगांत वाढतात, त्यामुळे कोबा किंवा फरशी शक्य असेल तर झोपण्याच्या खोलीपासून सुरुवात करावी. मातीचीच जमीन ठेवायची असेल तर ती ठोकून घट्ट करावी, भेगा दिसताच बुजवाव्यात आणि भिंत व जमीन यांचा सांधा काटकोनात न ठेवता गोलसर घ्यावा. जोते आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच असावे.

उंदरांविषयी इतिहासातला एक धडा मोलाचा आहे. १९११ मध्ये जावा बेटावर प्लेगची साथ पसरली, तेव्हा उंदीर बांबूच्या पोकळ वाशांत आणि गवती छपरांत घरे करून राहतात असे लक्षात आले. त्यानंतरच्या तीन दशकांत तेथे सुमारे १६ लाख घरे दुरुस्त किंवा नव्याने उभी करण्यात आली. बांबू वापरणाऱ्या प्रत्येकाने त्यातून घेण्यासारखी गोष्ट सोपी आहे : बांबूची उघडी टोके लाकडी गुडदीने, गिलाव्याने किंवा पत्र्याच्या टोपीने बंद करावीत. प्लेगच्या भागात घरात मेलेले उंदीर दिसले तर त्यांना हात लावू नये आणि ताबडतोब आरोग्य यंत्रणेला कळवावे, कारण मेलेल्या उंदराच्या अंगावरच्या पिसवा नवा आसरा शोधत माणसाकडे येतात.

घराभोवतीचे पाणी आणि शौचालय

लिंपणासाठी माती जेथून खणली तो खड्डा पहिल्याच पावसात भरतो, आणि उन्हातले असे उथळ, स्वच्छ पाणी ॲनोफिलीसला फार मानवते. घर डासबंद करण्याच्या कामातूनच डासांचे नवे तळे तयार होऊ नये, यासाठी माती घरापासून दूरच्या, उतारावरच्या जागेतून आणावी आणि काम संपताच खड्डा बुजवावा किंवा त्याला निचऱ्याची चर काढावी. हा खड्डा काम करणाऱ्यांच्या मनातून हमखास निसटतो, म्हणून साहित्याच्या यादीबरोबरच तो बुजवण्याचे कामही लिहून ठेवावे.

साठवणीच्या पाण्यासाठी घट्ट झाकण किंवा काठाला दोरीने आवळलेले दाट कापड वापरावे. एडिसची अंडी भांड्याच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या पातळीच्या जरा वर चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही कित्येक महिने जिवंत राहतात. नुसते पाणी ओतून दिल्याने ती जात नाहीत, आतली बाजू घासूनच काढावी लागते. अंड्यापासून डास होण्यास उष्ण हवेत साधारण एक आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळण्याची पद्धत शास्त्रीय दृष्ट्या योग्य आहे. पन्हळीला पुरेसा उतार असावा, टाकीच्या हवानळीला आणि सांडव्याला जाळी असावी, आणि पडलेले टायर, फुटकी मडकी व नारळाच्या करवंट्या यांची विल्हेवाट लावावी.

खड्ड्याच्या शौचालयाला वर जाळी लावलेला हवेचा पाइप बसवावा. झिम्बाब्वेत १९७० च्या दशकात विकसित झालेल्या अशा शौचालयात दुर्गंधी पाइपातून निघून जाते आणि उजेडाकडे उडणाऱ्या माश्या पाइपाच्या टोकाशी जाळीत अडकतात, मात्र त्यासाठी आतली जागा अंधारी ठेवावी लागते. खड्ड्यात पाणी साचत असेल तर पृष्ठभागावर पॉलिस्टायरीनच्या हलक्या मण्यांचा काही सेंटिमीटर जाडीचा थर टाकता येतो. तो तरंगत राहतो आणि क्युलेक्सच्या अळ्यांना श्वास घेऊ देत नाही. झांझिबारमधील माकुंडुची येथे १९८० च्या दशकाच्या अखेरीस हत्तीरोगविरोधी औषधांच्या जोडीला हा उपाय परिणामकारकपणे वापरण्यात आला. जेथे खड्डा कोरडाच असतो तेथे त्याचा उपयोग नाही.

गोठा घरापासून वेगळा आणि शक्य तितका दूर असावा. शेण व ओला चारा भिंतीलगत साठू देऊ नये, कारण वालुमाशीला हवी असलेली ओलसर माती नेमकी तेथेच तयार होते. घरालगतचे झुडुपांचे रान साफ ठेवल्यास गोचिडी आणि स्क्रब टायफस पसरवणारे सूक्ष्म माइट यांचाही उपद्रव कमी होतो.

कामाचा क्रम आणि नंतरची निगा

सर्व कामे एकाच हंगामात होणार नाहीत, हे गृहीत धरूनच आखणी करावी. हिवतापाच्या भागात आधी झोपण्याच्या खोलीचे झरोके आणि वळचण, मग दार, मग खिडक्या असा क्रम ठेवावा. काळा आजार किंवा शागासच्या भागात भिंती पहिल्या येतात, डेंग्यूच्या भागात साठवणीचे पाणी. लिंपणाचे काम पाऊस संपल्यावर, माती सावकाश वाळेल अशा काळात घ्यावे, कारण कडक उन्हात घाईने वाळलेले लिंपण तडकते. शेजारची दोन-चार घरे मिळून गवंडी व सुतार बोलावले तर साहित्य एकत्र आणता येते, आणि भोवतालची डबकीही एकट्याला बुजवता येत नाहीत ती बुजतात.

काम झाल्यावर पहिले काही आठवडे पहाटे उजाडण्यापूर्वी विजेरी घेऊन भिंती, पडद्यांच्या मागच्या बाजू आणि पलंगाखालची जागा तपासावी. पोट लालसर फुगलेले डास दिसले तर ते रात्री आत येऊन कुणाचे तरी रक्त प्यायले आहेत, तेव्हा दुपारची उजेडाची तपासणी पुन्हा करावी. त्यानंतर दर महिन्याला आणि प्रत्येक वादळी पावसानंतर दाराची तळपट्टी, बिजागऱ्या, वाशांच्या बाजूच्या चिरा आणि जाळीचे कोपरे पाहावेत. जाळी बसवताना उरलेले तुकडे फेकून देऊ नयेत. भोक पडले तर त्याच्यापेक्षा चारही बाजूंनी बोटभर मोठा तुकडा कापून, प्लॅस्टिकच्या जाळीला मजबूत दोऱ्याने शिवून आणि धातूच्या जाळीला कडेच्या सुट्या तारा आरपार घालून मागे दुमडून तो बसवावा, आणि हे काम भोक दिसेल त्याच दिवशी, संध्याकाळ होण्याआधी उरकावे.